समांसमीना

ज्या घरांतून अमरकोश पाठ करण्याची रीत होती, त्या घरांतील मुलांना गाईचीं अनेक नांवें त्यांचा अर्थ कळण्यापूर्वींच मुखोद्गत होत. द्वितीय कांडाच्या वैश्यवर्गांत तीं एकामागून एक येतात. नुकतीच व्यालेली ती धेनु, एकदांच व्यालेली ती गृष्टि, विऊन पुष्कळ दिवस लोटलेली ती बष्कयणी, गर्भ गळालेली ती अवतोका, वांझ ती वशा आणि दरवर्षीं विणारी ती समांसमीना. आम्ही मुलें हीं नांवें तालावर म्हणत असूं, आणि शेवटचा शब्द जिभेला जड म्हणून तो अधिकच मोठ्यानें म्हणत असूं. पुढें महाविद्यालयांत अष्टाध्यायी हातीं आली तेव्हां कळलें कीं, या एका शब्दाच्या सिद्धीसाठीं पाणिनीनें पांचव्या अध्यायांत एक स्वतंत्र सूत्र खर्च केलें आहे. अर्धी मात्रा वांचली तर पुत्रजन्माचा आनंद मानणाऱ्या वैयाकरणांच्या शास्त्रांत दरसाल विणाऱ्या गाईला एक सबंध सूत्र मिळावें, यावरून त्या काळच्या गृहस्थाच्या मनांत या गुणाचें मोल काय होतें तें दिसून येतें.

गाय किती दूध देते हें विचारणारे आज पुष्कळ भेटतात. ती किती महिन्यांनीं विते हें विचारणारा क्वचितच भेटतो. वस्तुतः गोठ्याचा सारा जमाखर्च या दुसऱ्या प्रश्नावर उभा आहे, आणि ज्या घरीं एक-दोनच जनावरें असतात तेथें तर तो अधिकच. दोन वेतांमधलें अंतर कशानें ठरतें, तें वाढतें कां, आणि तें आटोक्यांत ठेवणें कितपत आपल्या हातीं आहे, एवढेंच या लेखांत पाहावयाचें आहे.

प्रथम हिशेब मांडूं. गाईचा गर्भकाल सरासरीनें २८० दिवसांचा. आपल्या वडीलधाऱ्यांच्या भाषेंत नऊ महिने नऊ दिवस. वर्षाच्या ३६५ दिवसांतून ते वजा केले म्हणजे ८५ दिवस उरतात. गाय दरसाल विणार असेल तर विल्यापासून या ८५ दिवसांच्या आंत तिला पुन्हां गर्भ राहिला पाहिजे. पण हे सगळे दिवस उपयोगाचे नसतात. प्रसूतीनंतर गर्भाशय पूर्वस्थितीस येण्यास सुमारें चाळीस दिवस लागतात, आणि जाणता गोपालक साठाव्या दिवसापूर्वीं गाय फळविण्याची घाई करीत नाहीं. राहिले पंचवीस दिवस. गाय माजावर येते ती सरासरीनें दर एकवीस दिवसांनीं. म्हणजे या पंचवीस दिवसांत माज येणार एकदां, फार झालें तर दोनदां. तो टिकतो तरी किती? परदेशी गाईंत बारा ते अठरा तास; आपल्या वशिंडाच्या गाईंत बहुधा त्याहून कमी, आणि पुष्कळदां रात्रीं सुरू होऊन उजाडेपर्यंत ओसरूं लागलेला. वर्षाच्या ८७६० तासांपैकीं ज्या तासांवर घराचें पुढच्या सालचें दूध अवलंबून, ते तास धरून चालावें तर चोवीसांच्या पलीकडे जात नाहींत. ते हुकले कीं प्रत्येक चुकीची किंमत एकवीस दिवस. अशा चार-पांच चुका झाल्या कीं वर्षाचें वेत सव्वा वर्षावर जातें, आणि कोणाच्या लक्षांतही येत नाहीं.

तोटा किती होतो तो एका कल्पित उदाहरणावरून पाहा. समजा, एक गाय एका वेतांत ३०५ दिवस मिळून १८०० लिटर दूध देते आणि मग दोन महिने आटते. ती वर्षानें व्याली तर दूध असो वा नसो, तिच्या वैरणीच्या प्रत्येक दिवसामागें जवळ जवळ पांच लिटर दूध पडलें. तीच गाय दीड वर्षानें व्याली, तर तेंच दूध ५४५ दिवसांवर वांटलें जाऊन दिवसामागें सव्वातीन लिटरांच्या आसपास येतें. कडबा तोच, पेंड थोडी कमी, गोठ्याची झाडलोट तीच. पुन्हां वासरांचा प्रश्न आहेच. दहा वर्षांच्या उमेदीच्या काळांत एक गाय दहा वासरें देईल, दुसरी सहा-सात. हा हिशेब कोणी पाटीवर मांडीत नाहीं, दूधवाल्याचें बिल वाढतें, मुलांच्या पेल्यांत पाणी वाढतें, आणि एके दिवशीं घरांतलें कोणी तरी म्हणतें, "ही गाय आतां भाकडच."

या एका शब्दानें कित्येक गाईंचें नशीब फिरलें आहे. आमच्या आजोळची गोष्ट सांगतों. कृष्णाकांठचें लहानसें गांव, चौसोपी वाडा, पंचवीस-तीस माणसांचें एकत्र कुटुंब. वाड्याच्या मागील अंगास गोठा, आणि त्यांत गौरी नांवाची तांबडी गीर गाय. पहिलीं दोन वेतें तिनें वेळेवर दिलीं. तिसऱ्यानंतर ती माजावर येईना. येईना म्हणजे कोणाला दिसेना. सरकी वाढविली, वैद्यांचा काढा झाला, आजीनें नवस बोलून झाला. दोन वर्षें अशीं गेलीं. आजोबांना सारे तात्या म्हणत. गाय विकावयाची हा विचारच त्यांना सोसत नव्हता. पण घरांत लहान मुलें पुष्कळ, दूध विकतचें, आणि त्यांतच त्या सालीं कडबा महागलेला. अखेर शेजारच्या वाडीवरील एका शेतकऱ्यानें ती नेली. वांझ म्हणूनच विकली. किंमतही तशीच घेतली.

वर्ष उलटण्याच्या आंतच तो शेतकरी वाड्याच्या दारांत उभा राहिला, हातांत खरवसाचें भांडें घेऊन. गौरी व्याली होती. तात्या कांहीं वेळ बोललेच नाहींत. मग त्यांनीं विचारलें, "तूं केलेंस तरी काय?" तो म्हणाला, "काय न्हाय तात्या. तुमची गाय वांझ न्हवतीच. ती रातीची माजावर येती. तुमचा गोठा वाड्याच्या मागं, त्याला दार, त्याला कडी. आमी तिच्या उशालाच निजतो. तिनं रातभर दावं वढलं, आमाला कळलं." त्याच्या बोलण्यांत टोमणा नव्हता. तरी तात्या पुढें कित्येक दिवस ही गोष्ट निघाली कीं उठून ओसरीवर जाऊन बसत. गाय परत मागणें त्यांच्या स्वभावांत नव्हतें.

त्या शेतकऱ्यानें जें सांगितलें तेंच आज पशुवैद्यकाचीं पुस्तकें सांगतात. माजाचीं लक्षणें तशीं सर्वश्रुत आहेत : वारंवार हंबरणें, वैरणीवरून लक्ष उडणें, दूध एकाएकीं घटणें, कांचेच्या तारेसारखा स्वच्छ सोट पडणें, आणि दुसरें जनावर अंगावर उडालें असतां न हलतां उभें राहणें. यांतलें शेवटचें लक्षण सर्वांत खात्रीचें. पण ज्या घरीं गाय एकच असते तेथें अंगावर उडणार कोण? कळपांत जी गोष्ट गुराख्याला दुरून दिसते, ती एकटी बांधलेल्या गाईंत दिसतच नाहीं. त्यांतून कांहीं जनावरांचा माज मुका असतो. आंत सर्व कांहीं होतें, बाहेर चिन्ह नाहीं. अशा गाईला वांझ ठरविणें म्हणजे हळू बोलणाऱ्याला मुका ठरविण्यासारखें आहे.

माज ओळखला तरी वेळ साधावी लागते. अमेरिकेंत नेब्रास्का येथें ट्रिंबर्गर यांनीं १९४० नंतरच्या दशकांत या प्रश्नाचा बारकाईनें अभ्यास केला. गाईंत बीज सुटतें तें माज ओसरल्यानंतर दहा-बारा तासांनीं. तेव्हां माज दिसतांक्षणीं धांवपळ करून उपयोग नाहीं, आणि दुसऱ्या दिवसावर टाकूनही नाहीं. सकाळीं माज दिसला तर त्याच दिवशीं संध्याकाळीं, संध्याकाळीं दिसला तर दुसऱ्या दिवशीं सकाळीं गाय भरवावी, हा नियम त्या अभ्यासांतून निघाला आणि आजही जगभर पाळला जातो.

आपल्याकडे कृत्रिम रेतनाचा आरंभ १९३९ सालीं म्हैसूरच्या राजवाड्याच्या दुग्धशाळेंत संपत कुमारन् यांनीं केला. १९४३ सालीं अलाहाबादच्या कृषिसंस्थेंत या रीतीनें म्हशीचें पहिलें पारडूं जन्मलें. पुढें १९४९ मध्यें इंग्लंडांत पोल्ज व त्यांच्या सहकाऱ्यांनीं ग्लिसरीनच्या साहाय्यानें रेत गोठवून टिकविण्याची युक्ति शोधून काढली. तीही एका बाटलीवरची चिठ्ठी चुकल्यामुळें हातीं आली असें सांगतात, आणि शास्त्राच्या इतिहासांत अशा शुभ चुका पुष्कळ आहेत. त्यानंतर उत्तम वळूचें वीर्य द्रवरूप नत्रवायूच्या भांड्यांतून खेड्याखेड्यांत जाऊं लागलें. महाराष्ट्रांत हें काम घरोघर नेण्याचें श्रेय मोठ्या अंशीं मणिभाई देसाई यांनीं १९६७ सालीं उरुळीकांचन येथें स्थापिलेल्या संस्थेला आहे. मोटारसायकलवरून भांडें घेऊन येणारा कार्यकर्ता आतां खेड्यांत नवलाचा राहिलेला नाहीं. मात्र त्याला बोलावणें धाडावयाचें केव्हां, हें घरच्या माणसालाच ठरवावें लागतें. मोठ्या दुग्धशाळांतून आतां गाईच्या गळ्यांत किंवा पायांत यंत्रें बांधतात; तिची चाल वाढली, रवंथ कमी झाला कीं तीं खबर देतात. दोन गाईंच्या घराला हें काम डोळ्यांनींच करावें लागणार.

पण केवळ पाळत ठेवून भागत नाहीं, कारण माज येण्यासाठीं शरीराची तयारी लागते. विल्यानंतर सहाव्या ते आठव्या आठवड्यांत गाईचें दूध सर्वांत अधिक असतें. तिची भूक मात्र त्यानंतर कांहीं आठवड्यांनीं पूर्ण वाढते. मधल्या काळांत कासेंत जें अधिक जातें तें अंगावरच्या मांसमेदांतून जातें. हें कर्ज फार झालें कीं शरीर पुढच्या गर्भाचा विचार लांबणीवर टाकतें. वासरूं सतत पीत असेल तर त्या चोखण्यानेंही माज लांबतो, आणि आपल्या गाई वासराखेरीज पान्हा सोडण्यास नाखूष असल्यामुळें हा परिणाम त्यांच्यांत विशेष दिसतो. पदरचें पोर वाढवावें कीं पुढच्याची तयारी करावी, हा पेंच प्रत्येक मातेच्या शरीराला सोडवावा लागतो. गोठ्याबाहेर रानांत पाहिलें तर तो अधिकच स्पष्ट दिसतो.

स्कॉटलंडच्या किनाऱ्यालगत रम नांवाचें एक बेट आहे. तेथील तांबड्या हरणांची नोंद केंब्रिजच्या क्लटन-ब्रॉक व त्यांच्या सहकाऱ्यांनीं एकेक हरणी ओळखून वर्षानुवर्षें ठेविली. ज्या हरणीनें गेल्या सालीं पाडस वाढविलें ती यंदा विण्याचा संभव, पाडस न वाढविणारीपेक्षां कमी. आणि मुलगा वाढविणारीचा तर मुलगी वाढविणारीहूनही कमी. नर पाडस अधिक दूध ओढतें, एवढाच त्याचा अर्थ. (आपल्या घरांतील आजीबाईंना हें वाचून दाखविल्यास त्या संशोधनाशिवायच मान डोलावतील!) हत्तिणीचा गर्भकाल बावीस महिन्यांचा, आणि दोन पिलांत चार-पांच वर्षांचें अंतर. केनियांतील आंबोसेलीच्या रानांत २००९ सालीं भयंकर दुष्काळ पडून पुष्कळ पिलें मेलीं. पाऊस पडून चारा आला तशा कडेवरचीं पिलें गमावलेल्या हत्तिणी जवळ जवळ एकदमच फळल्या, आणि सुमारें दोन वर्षांनंतर त्या रानांत पिलांची अशी रीघ लागली कीं निरीक्षक चकित झाले. उलट उदाहरण समुद्रांत आहे. अटलांटिकच्या उत्तर भागांतील राइट जातीच्या देवमाशांची मादी पूर्वीं सुमारें तीन वर्षांनीं विई; अलीकडे हें अंतर सात ते दहा वर्षांवर गेलें आहे. मासेमारीच्या दोरांत अडकून होणारे हाल आणि भक्ष्याची हलती जागा, हीं त्याचीं मुख्य कारणें. उभ्या समुद्रांत ही जात आतां चारशेंच्याही आंत उरली आहे. दोन पिलांमधलें अंतर वाढणें हा मृत्यूइतकाच ऱ्हासाचा मार्ग आहे. फक्त त्यांत प्रेत दिसत नाहीं.

गोठ्याकडे परत येऊं. अन्नाचा आणि वेताचा संबंध किती निकट आहे, याचें एक जुनें उदाहरण दक्षिण आफ्रिकेंतलें आहे. तेथें आर्मूट्सव्लाक्ते नांवाची जागा आहे. नांवाचाच अर्थ दारिद्र्याचें माळरान. तेथील गुरें हाडें चघळीत, अशक्त होत, आणि गाई एकाआड एक वर्षें रिकाम्या राहत. आर्नल्ड थायलर यांनीं १९२० नंतरच्या वर्षांत दाखवून दिलें कीं, त्या मातींत व म्हणून गवतांत स्फुराची उणीव आहे. हाडांची भुकटी चारतांच गाई पुष्कळ अधिक प्रमाणांत विऊं लागल्या. हाडांच्या नांवानें नाक मुरडणाऱ्यांनीं भिण्याचें कारण नाहीं. आज तोच स्फुर खाणींतल्या दगडापासून करून क्षारमिश्रणांत मिळतो. आपल्या इकडे केवळ वाळल्या कडब्यावर काढलेल्या उन्हाळ्यानंतर गाई कां उलटतात, म्हणजे भरविल्यावरही एकवीस दिवसांनीं पुन्हां माजावर कां येतात, याचें उत्तर पुष्कळदां रोगांत नसून गव्हाणींत असतें. मूठभर क्षार आणि भाराभर हिरवी वैरण यांपुढें काढ्याची किंमत फार थोडी.

लिनलिथगो यांच्या अध्यक्षतेखालील शाही शेती-कमिशननें १९२८ च्या अहवालांत हाच प्रश्न सबंध देशाच्या दृष्टीनें मांडला होता. गुरांची जोपासना जितकी वाईट, तितकी त्यांची संख्या वाढण्याकडे ओढ. कारण गाई कमी फळतात, वासरें खुरटीं निपजतात, आणि चांगला बैल मिळावा म्हणून शेतकरी आणखी आणखी जनावरें बाळगतो. तीं वाढलीं कीं प्रत्येकाच्या वांट्याचा चारा आणखी घटतो. बैलाची जागा आतां पुष्कळ ठिकाणीं ट्रॅक्टरनें घेतली आहे. पण चाऱ्याच्या बाबतींतलें हें चक्र थांबलें आहे असें म्हणवत नाहीं. २०१९ च्या पशुगणनेंत देशांत गोवंश १९ कोटींच्या वर आणि म्हशी जवळ जवळ ११ कोटी भरल्या. यांपैकीं किती गाई आज दूध देत आहेत आणि किती नुसत्या वाट पाहात आहेत, या प्रश्नाचें महत्त्व एकूण आंकड्याहून अधिक आहे.

म्हशीविषयीं थोडें वेगळें सांगितलें पाहिजे, कारण आपल्याकडील पुष्कळ घरांचें खरें दूध तिचें. तिचा गर्भकाल सुमारें ३१० दिवसांचा, दहा महिने दहा दिवस. वर्षांतून ते गेले कीं उरतात केवळ ५५. तेव्हां म्हशीनें दरसाल विणें ही अपेक्षाच अन्यायाची. तेरा-चौदा महिन्यांनीं व्याली तर तिला उत्तम म्हणावें. शिवाय ती ऋतूची बांधील. दिवस लहान होऊं लागले, थंडी पडूं लागली कीं ती माजावर येते. वैशाखांत तिचा माज मुका होतो, किंवा रात्रींच्या गारव्यापुरताच उरतो. काळें अंग आणि थोडा घाम यामुळें तिला ऊन सोसत नाहीं. डबक्यांत डुंबणारी म्हैस आळशी म्हणून नांवाजलेली आहे, पण तो तिचा औषधोपचार आहे. उन्हाळ्यांत दुपारीं दोन वेळां अंगावर पाणी मारलें आणि गोठ्यावर सावली केली, तरी तिच्या वेताचा एखादा हंगाम वांचतो.

गर्भ गळाल्यानेंही वर्ष बुडतें. सहाव्या-सातव्या महिन्यांत गाय गाभटली तर तिला अवतोका म्हणून सोडून देऊं नये. पशुवैद्याकडून रक्त तपासून घ्यावें. हा सांसर्गिक रोग असूं शकतो, आणि तो निरशा दुधावाटे व वार हातानें उचलणाऱ्या माणसांनाही जडतो. कालवडीला चौथ्या ते आठव्या महिन्यांत एकदां लस टोंचली कीं पुढची धास्ती पुष्कळ कमी होते.

आतां वंशाचा प्रश्न. आपल्या लोकांना कुळाचा विचार फार. गाय घेतांनाही तिची आई किती दूध देत होती तें आधीं विचारतील. दुधाच्या बाबतींत तें बरोबरच आहे, कारण गाई-गाईंतील दुधाच्या फरकाचा पाव हिस्सा किंवा थोडा अधिक वंशावर अवलंबून असतो. दोन वेतांतल्या अंतराचें तसें नाहीं. त्यांतला वंशाचा वांटा शेंकडा दहाच्याही खालीं, बहुधा पांचाच्या आसपास, येतो. बाकीचें सारें चारा, हवा, रोगराई आणि मालकाची नजर यांचें. पण पांच म्हणजे शून्य नव्हे, हें अमेरिकेनें महागांत शिकून घेतलें. तेथें होल्स्टीन गाई पिढ्यान् पिढ्या केवळ दुधावर निवडल्या. दूध अतोनात वाढलें. त्यासोबत गाभण राहण्याची शक्ति हळू हळू घटत गेली, आणि वेतांमधलें अंतर तेरा महिन्यांवरून चौदांच्या पुढें सरकलें. अखेर २००३ पासून वळूंच्या मूल्यमापनांत त्यांच्या मुली किती तत्परतेनें गाभण राहतात याचाही हिशेब धरूं लागले, आणि घसरण थांबून सुधारणा दिसूं लागली. संकरित कालवड घेणाऱ्या आमच्या वाचकांनीं वळूच्या पत्रकांत दुधाबरोबर हाही रकाना वाचावा.

एका समजुतीचा उल्लेख केल्यावांचून हा विषय पुरा होणार नाहीं. गाय लवकर फळविली तर दूध लवकर आटतें, म्हणून मुद्दाम दोन-तीन माज सोडावे, असें सांगणारे पुष्कळ आहेत. त्यांत तथ्य अगदींच नाहीं असें नव्हे; गर्भ पांचव्या महिन्याच्या पुढें गेला कीं दूध खरोखरच घटूं लागतें. फार दुधाळ संकरित गाय, जी दहाव्या महिन्यांतही घागर भरते, तिला महिना-दीड महिना उशिरा भरविण्यांत तोटा नाहीं. उलट तिच्या शरीराला विसावाच मिळतो. पण आमची साधी देशी गाय सहाव्या-सातव्या महिन्यांतच उतरणीला लागते. तिचे माज सोडणें म्हणजे शेवटचा शेर-दीड शेर वांचविण्यासाठीं पुढच्या वेताचा भर लांबविणें. आणि सोडलेला माज परत येईलच, ही हमी कोणीं दिली?

आमच्या आजोळीं गौरी गेल्यानंतर गोठ्याची व्यवस्था आत्याआजीनें आपल्याकडे घेतली. ती बालविधवा, पहांटे चारला उठून स्नान करून जपाला बसण्याचा तिचा नेम होता. त्या दिवसापासून ती कंदील घेऊन आधीं गोठ्यांत जाऊं लागली, आणि रात्रीं निजण्यापूर्वीं पुन्हां एकदां. लिहिणें तिला बेताचेंच येई. माज दिसला कीं ती पंचांगांत त्या तिथीपुढें समासांत शिसपेन्सिलीनें एक लहानसें वर्तुळ काढी, आणि पुढें एकवीस तिथी मोजून तेथें एक टिंब देऊन ठेवी. तिला हें कोणीं शिकविलें नव्हतें.

तीं पंचांगें अजून आमच्या मामेभावाकडे एका पेटींत आहेत. गेल्या वर्षीं मीं तीं चाळलीं. एका सालच्या पंचांगांत श्रावण शुद्ध नवमीपुढें "तुळशी, गोऱ्हा" असें लिहिलेलें आहे. मग भाद्रपद वद्य अष्टमीला वर्तुळ : त्रेचाळीसावा दिवस, तो तिनें सोडला असावा, कारण पुढें कांहीं लिहिलेलें नाहीं. आश्विन शुद्ध चतुर्दशीला वर्तुळ आणि शेजारीं "वळू". कार्तिक शुद्ध पंचमीला पुन्हां वर्तुळ, पुन्हां "वळू". म्हणजे गाय उलटली होती, आणि हा पंचाऐंशीवा दिवस. कार्तिक वद्य एकादशीपुढें टिंब आहे, वर्तुळ नाहीं. मार्गशीर्षांत टिंबही नाहीं. पुढचें पंचांग उघडलें. चैत्र, वैशाख, ज्येष्ठ, आषाढ यांचे समास कोरे. श्रावण वद्य चतुर्थीला, चंद्रोदयाच्या वेळेच्या खालीं, वांकड्या अक्षरांत लिहिलें आहे : "तुळशी, कालवड, पहांटे. वार पडली."